‘निगेटिव्ह’च्या खालची ओळ

॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥

चौसाळा, ता. ११ जून १९९९

चि. केदार,

तुझ्या वकिलाचा कागद सही न करता परत पाठवतोय. पाकीट जाड लागलं म्हणून तू खुशीत फोडशील आणि सहीची जागा कोरी बघून मला शिवी हासडशील, म्हणून हे पत्र वर ठेवलंय. आधी हे वाच. शिवी कुठं पळून जात नाही.

वकिलानं लिहिलंय: ‘मी, वीरभद्र शिवलिंगअप्पा शेटे, राहणार चौसाळा, शपथेवर सांगतो, की दि. २१ ऑगस्ट १९९८ रोजी पुण्याच्या लॅबमधून मला फोनवर, इंजेक्शन चालूच ठेवावे, असे कळवण्यात आले आणि मी ते डॉ. पंडित यांना जसेच्या तसे सांगितले.’

हे त्यानं कुठून आणलं? तू तर तसं सांगितलेलं नसणार. वकिलाला केस जिंकायला जे लागतं ते त्यानं लिहिलं आणि खाली माझं नाव टाकलं. मी डॉक्टरला असं काही सांगितलेलं नाही. जे सांगितलं नाही ते सांगितलं म्हणून मी शपथ घेणार नाही. एवढं साधं आहे.

तुझा राग मला कळतो. पोरगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती, सोयरीक ठरली होती. ताप आला, बडबडायला लागली, स्वतःच्या आईला, नीलाला, ‘मावशी’ म्हणायला लागली. बीडला पंडित डॉक्टरकडं नेली. त्यानं ओळखलं, की ताप मेंदूत गेलाय आणि हर्पिसचा संशय आहे. इंजेक्शन दिवसातून तीन वेळा सुरू केलं. सातव्या दिवशी बंद केलं. सहा दिवसांनी झटके आले, आणि त्यानंतर जी उठली ती आपली स्वप्नाली नव्हे. सकाळी जेवलेलं दुपारी आठवत नाही. तू म्हणतोस, इंजेक्शन बंद करणारा गुन्हेगार. ग्राहक मंचात केस टाकलीस, ठीक आहे. बिऱ्हाड उचलून मेव्हण्याच्या भांड्याच्या दुकानात हैदराबादला गेलास, तेही ठीक. पण त्या डॉक्टरला बुडवायला थोरल्या भावाची खोटी सही मागू नकोस.

इकडं एसटीडी बूथ बरा चाललाय. फॅक्सला गर्दी असते. झेरॉक्सचं मशीन नवीन घेतलं. स्टँडवर केळीची पाटी घेऊन बसणाऱ्या वीरभद्रकडं आज तालुक्यातले चार डॉक्टर रक्ताच्या बाटल्या देतात, पुण्या-औरंगाबादला पोचवायला, आणि रिपोर्ट माझ्या फोनवर येतात. फक्त वही रिकामी वाटते. बारावीपासून स्वप्नाली त्या स्टुलावर बसायची, रिपोर्ट लिहून घ्यायची. लॅबवाल्या बाया तिला घाबरायच्या. ‘मॅडम, शेवटची ओळ परत सांगा’ म्हणायची. मी लिहिलेलं वाचून हसायची, ‘अप्पा, तुमी निम्मं गिळता.’

कोड तिला अजून पाठ आहेत का? पुणे ०२१२, औरंगाबाद ०२४३२. एकदा विचारून बघ.

नीलाला आशीर्वाद. उत्तर दे.

तुझा,
अप्पा

●

चौसाळा, ता. ३० सप्टेंबर १९९९

चि. केदार,

उत्तर नाही. तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तू उचललास, माझा ‘हॅलो’ ऐकलास आणि ठेवलास. बोलला नाहीस तरी मला तू कळतोस. डाव्या नाकपुडीतून श्वास ओढायची तुझी सवय लहानपणापासूनची. आठ वर्षं लोकांचे फोन काचेबाहेर बसून ऐकतोय, कान माझे तयार झालेत. कोण खोटं रडतंय, कोण खरं, एवढं तर मी घड्याळाकडं बघत सांगतो.

तुझा निरोप मात्र भगवानरावांकडून पोचला. ‘भावानं डॉक्टरचं मीठ खाल्लंय,’ असं तू म्हणालास. लिंबागणेशचे भगवानराव, जे आपले व्याही होणार होते आणि पोरीची दशा बघून झाले नाहीत, त्यांच्या तोंडून मला माझ्या भावाचा निरोप ऐकावा लागला. ते सांगतानासुद्धा चहा पीतच होते.

डॉक्टरचं ऐक. दवाखान्याची समोरची काच फुटली. कुणी फोडली ते ठाऊक नाही. पेशंट निम्मे झाले. पालीच्या सटवा मास्तरांचा हा पोरगा, मास्तरांनी शिकवण्या करून एम.डी. केलेला. आता मास्तर दवाखान्याच्या पायरीवर बसतात आणि येईल त्याला सांगतात, ‘आत हाय डॉक्टर, या की.’ जसं काही रसवंतीवर बसलेत.

तुला तो दिवस परत सांगतो, कारण वकिलाच्या डोक्यात तो वेगळाच शिजलेला दिसतो.

पोळ्याचा बाजार होता. रस्ता झुली, गोंडे, बेगड्या यांनी भरलेला. आठवडाभर आधी पोरीच्या पाठीच्या मणक्यातलं पाणी काढलं होतं, ते बर्फाच्या थर्मासमध्ये मांडीवर घेऊन मीच पुण्याला नेलं होतं. डॉक्टरनं आपल्या दोघांना समजावलं होतं, तुला आठवत असेल. म्हणाला, ‘तापानंतर ओठावर फोड येतात ना, त्याच जातीचा हा विषाणू. क्वचित मेंदूत शिरतो. यात लाजण्यासारखं कायी न्हाई.’ पण त्याचा कंपाउंडर बाहेर सांगत होता, की हर्पिस म्हणजे तसला रोग. दोन दिवसांत ते लिंबागणेशपर्यंत गेलं होतं. भगवानराव बाजाराच्या निमित्तानं आले आणि माझ्या बूथमध्ये, स्वप्नालीच्या स्टुलावर, येऊन बसले. कशाला आले, ते मी विचारलं नाही. बैलाला गोंडे घ्यायला कुणी फोनच्या बूथमध्ये येत नाही.

तू काचेबाहेर उभा होतास. पोरीची लघवी कमी झालेली, इंजेक्शनानं किडनी धरली होती. डॉक्टरनं सांगितलं होतं, ‘रिपोर्टवर ठरवू. पॉझिटिव्ह आला तर किडनी पणाला लावून चालू ठेवतो. निगेटिव्ह आला तर थांबवतो, मग दुसरा ताप शोधू.’

बाराच्या सुमाराला फोन वाजला. लॅबच्या मॅडम होत्या. त्यांनी ‘निगेटिव्ह’ म्हटलं. हे मी कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीवर हात ठेवून सांगेन. मी काचेतून तुला हात केला. तू आत आलास आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलंस. भगवानराव म्हणाले, ‘चला, तोंड गोड करा.’ मी डॉक्टरला फोन लावून तो शब्द सांगितला. पेढे आले.

घडलं ते असं. वकिलाला वाचून दाखव.

मागच्या आठवड्यात डॉक्टर स्वतः बूथवर आला. स्टुलावर बसला नाही. उभ्यानंच विचारलं, ‘अप्पा, लॅबचा छापील कागद मला कधी मिळालाच न्हाई. पोस्टानं यायचा होता ना?’

मी म्हणालो, पोस्टाचं काय सांगता येतं.

अप्पा

●

चौसाळा, ता. १७ जानेवारी २०००

चि. केदार,

संक्रांतीचा तिळगूळ वेगळ्या पाकिटात आहे. फेकू नकोस, नीलाला दे.

मी पुण्याला जाऊन आलो. लॅबच्या मॅडमचं पत्र आलं होतं. नाव रुद्राणी, सोलापूरकडच्या, आपल्यातल्याच. वय तिशीच्या आत. मी म्हणालो, आवाजावरून तुम्ही पन्नाशीच्या वाटायच्या. त्या म्हणाल्या, ‘निगेटिव्ह-पॉझिटिव्ह सांगून सांगून आवाज म्हातारा होतो, अप्पा.’

पत्रात लिहिलं होतं, की आपल्या पोरीचं उरलेलं पाणी त्यांनी बर्फात जपून ठेवलं होतं. दिवाळीनंतर त्यांच्याकडं तपासायची नवी रीत आली, तेव्हा त्यांनी जुने निगेटिव्ह आलेले चाळीस नमुने परत लावले. दोन पॉझिटिव्ह निघाले. त्यातला एक चौसाळ्याचा.

म्हणजे होता, केदार. हर्पिसच होता. डॉक्टरनं पहिल्या दिवशी ओळखलं ते बरोबर होतं.

मी विचारलं, मग मशीन खोटं बोललं का? त्यांनी कागदावर काढून दाखवलं. त्यांची टेस्ट अख्खा विषाणू शोधत नाही. विषाणूच्या पोटात एक लांबलचक लिखाण असतं, त्यातली एक छोटी जागा शोधते. त्या जागेशी जुळणारा तुकडा लॅबमध्ये बनवून घेतात. तुकडा जाऊन चिकटला की मशीन सांगतं, आहे. तो तुकडा परदेशातल्या विषाणूंचं लिखाण बघून बनवलेला. पण विषाणू सगळीकडं सारखा राहत नाही, गावोगाव थोडा बदलतो. स्वप्नालीच्या विषाणूत नेमक्या त्या जागेवर तीन अक्षरं वेगळी निघाली. तुकडा चिकटलाच नाही. नव्या रीतीत दुसऱ्या जागेचा तुकडा वापरला, तो पहिल्या झटक्यात चिकटला.

मी कागद जवळ ओढला. मग म्हणालो, मॅडम, आमच्याकडं एक्स्चेंज बदललं की नंबराच्या पुढं एक आकडा लागतो. जुना नंबर फिरवला की रिंग जात नाही. फिरवणारा म्हणतो, घरी कुणी नाही. माणूस आपला घरात बसलेला असतो.

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, ‘हेच. अगदी हेच. मी विद्यार्थ्यांना दोन तास शिकवते आणि त्यांना कळत नाही.’

तुला सांगायला हरकत नाही, क्षणभर मला बरं वाटलं. चौथी नापास माणसाला अशी शाबासकी रोज मिळत नाही.

मी आणखी एक विचारलं. तुमच्याकडं त्या वेळच्या रिपोर्टाची प्रत असेल ना? त्या म्हणाल्या, पावसाळ्यात खालच्या खोलीत पाणी शिरलं, त्या वर्षीच्या सगळ्या प्रती लगदा झाल्या. आणि येत्या जुलैत त्या शिकायला अमेरिकेला जाताहेत.

मग आम्ही चहा घेतला आणि मी निघालो.

आता तूच सांग. टेस्टच चुकली तर डॉक्टर काय करणार? त्याला तर फक्त ‘निगेटिव्ह’ कळलं. केस मागं घे. चूक कुणाचीच नव्हती. विषाणूनं अक्षरं बदलली, त्याला समन्स कुठं पाठवणार?

अप्पा

●

चौसाळा, ता. १९ मार्च २०००

केदार,

चहा घेतला हे खरं. पण चहाच्या आधी जे झालं ते मी मागच्या पत्रातून गाळलं. आधीच्या दोन पत्रांतूनही गाळलंय. स्वप्नाली म्हणायची ते बरोबर, मी निम्मं गिळतो.

नंबराचा दाखला दिल्यावर रुद्राणी मॅडम माझ्याकडं बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, ‘अप्पा, हे तर मी तुम्हाला त्या दिवशी फोनवर सांगितलं होतं.’

सांगितलं होतं. शब्द आजही कानात आहेत. माझे कान कधी चुकले नाहीत, हाच तर घोळ आहे. त्या म्हणाल्या होत्या: ‘निगेटिव्ह आहे. पण यावरून हर्पिस नाही असं धरू नका. विषाणूत फरक असला तर आमची टेस्ट त्याला पकडत नाही. लक्षणं हर्पिसची असतील तर इंजेक्शन चालू ठेवा आणि दुसरा नमुना पाठवा. डॉक्टरांना हे सगळं सांगा.’

त्या बोलत होत्या आणि भगवानराव स्टुलावरून पुढं वाकले होते. तुला माहीत आहे, त्या बूथमध्ये रिसीव्हरमधलं बाहेर झिरपतं. मी रिसीव्हर कानावर दाबून धरला. ‘निगेटिव्ह’ एवढंच मोठ्यानं म्हणालो. बाकीच्या वेळी ‘बरं, बरं’ म्हणत राहिलो. मग डॉक्टरला फोन लावला. त्यानं विचारलं, ‘आणखी कायी म्हणाल्या का त्या?’ भगवानराव माझ्या तोंडाकडं बघत होते. ‘हर्पिस नाही असं धरू नका’ हे त्यांच्यासमोर उच्चारलं असतं तर संध्याकाळपर्यंत सोयरीक मोडली असती. मी म्हणालो, ‘न्हाई, एवढंच.’

मनात धरलं होतं, भगवानराव उठले की परत लावतो. ते उठले नाहीत. तू पेढे आणलेस. तू रडत होतास. मग बाजारातले लोक आले. संध्याकाळी मी रिसीव्हर उचलला होता. तोवर नीलाचा निरोप आला, की इंजेक्शन बंद केलं आणि पोरीला लघवी साफ झाली, पोरीनं खिचडी मागितली. मी रिसीव्हर ठेवला. म्हटलं, देवानंच निकाल दिला.

इथं थांबलं असतं तर एका भित्र्या माणसाची चूक म्हणता आली असती. थांबलं नाही.

माझ्या बूथचा नियम तुला ठाऊक आहे. चांगली बातमी तोंडानं, वाईट बातमी पाकिटानं. कुणाच्या रक्तात साखर निघाली, कुणाचा काविळीचा रिपोर्ट खराब आला, तर मी फोनवरचं सांगत नसे. ‘कागद येतोय पोस्टानं, डॉक्टरला दाखवा’ म्हणायचो. लोक म्हणायचे, अप्पाच्या तोंडून कधी वाईट निघत न्हाई. मला ते गोड लागायचं.

सोमवारी, गणपती बसायच्या आदल्या दिवशी, पाकीट आलं. मी फोडलं. वर निकाल, आणि खाली बारीक अक्षरात तीच ओळ, जी त्या बोलल्या होत्या. मी वाचली. इंग्रजी मला येत नाही असं तू समजतोस, पण इतकी वर्षं रिपोर्ट हाताळून तेवढं येतं. ती ओळ वाचून मला काय वाटलं सांगू? आपल्या दुकानांच्या प्रत्येक बिलाखाली छापलेलं असतं ना, ‘भूलचूक देणे घेणे’. कोण वाचतं ते? छापायचं म्हणून छापतात, उद्या भांडण नको म्हणून. मी म्हटलं, लॅबवाल्यांचंही तसंच. आणि पोरगी तर उठून बसली होती, तिच्या मैत्रिणीनं आणलेला मोदकाचा साचा हातात घेऊन बघत होती. मी पाकीट झेरॉक्सच्या कागदांखाली ठेवलं.

त्या सोमवारी मी तो कागद डॉक्टरला दिला असता, तर इंजेक्शन परत सुरू झालं असतं. झटके गुरुवारी आले. मध्ये तीन दिवस होते. ते तीन दिवस मी मोजत नाही असा एक दिवस जात नाही.

तुझ्या वकिलानं कल्पनेनं लिहिलेला कागद निम्मा खरा निघाला, केदार. लॅबनं ‘चालू ठेवा’ सांगितलं होतं. मी डॉक्टरला सांगितलं नाही, तेवढं फक्त त्याला सुचलं नाही. तो कागद माझ्यासमोर आला तेव्हा मी घाबरलो, की याला कळलं कसं. मग लक्षात आलं, त्याला काही कळलेलं नाही. सही केली असती तर सगळं बसत होतं. लॅब सुटली, मी सुटलो, तू जिंकलास. एकटा पंडित गेला असता. मी सही केली नाही म्हणून स्वतःला मोठा समजत होतो. पत्रात तुला तत्त्वं शिकवली. आणि पुण्याला कशाला गेलो होतो? प्रत शिल्लक आहे का, ते बघायला. लगदा झाला ऐकून मला हायसं वाटलं. त्या अमेरिकेला जाणार हे ऐकून आणखी. चहा गोड लागला.

आता हे का लिहितोय ते ऐक. काल डॉक्टर आला होता. या वेळी बसला. म्हणाला, ४ एप्रिलच्या तारखेला तो चूक कबूल करून लिहून देणार, दवाखाना बंद करणार. ‘एका शब्दावर मी औषध थांबवलं. कागदाची वाट बघायला पायजे होती. चूक माझीच हाय.’ मग उठताना माझे दोन्ही हात धरले. म्हणाला, ‘अप्पा, भावाविरुद्ध जाऊन तुमी खोटी सही केली न्हाई. आमच्या बापानं सांगितलंय, त्या माणसाच्या पाया पडून ये.’ आणि तो वाकला.

मी पाय मागं घेतले. त्याला वाटलं, मोठेपणा.

लॅबचा कागद सोबत आहे. झेरॉक्स. अस्सल कागद मी ४ तारखेला मंचात नेऊन देणार आणि वर लिहिलंय ते सगळं सांगणार. तुला आधी कळावं म्हणून हे पत्र. वकिलाकडून वाचून घेऊ नकोस, तू वाच.

माफ कर असं लिहायला घेतलं होतं, पण ते ज्या जागी लिहायचं ती जागा मला दिसत नाही.

वीरभद्र

●

चौसाळा, ता. १० डिसेंबर २०००

केदार,

उत्तराची वाट बघत नाही. तुला कळवायला हवं ते कळवतो.

मंचानं डॉक्टरवरची केस काढून टाकली, हे वकिलानं सांगितलं असेलच. त्या दिवशी तू मागच्या बाकावर होतास. मी बोलत असताना तू एकदाही वर बघितलं नाहीस, आणि मी उतरलो तोवर तू गेला होतास. माझ्यावर काही करायचं असेल तर कर. या वेळी कागद कोरा पाठवलास तरी मी सही करीन.

डॉक्टरनं दवाखाना उघडला नाही. कोकणात कुठल्याशा सरकारी दवाखान्यात नोकरी धरली. जाताना माझ्याकडं आला नाही. सटवा मास्तर एकदा बाजारात समोरून आले. मी हात जोडले. ते म्हणाले, ‘वीरभद्र, लेका, एक ओळ तर होती.’ आणि कोथिंबिरीची जुडी निवडत राहिले.

भगवानरावांच्या पोराचं लग्न झालं. पत्रिका आली होती.

मी रिपोर्ट घेणं बंद केलं. बूथच्या पाटीवरचा ‘रिपोर्ट’ हा शब्द पुसलाय. चार डॉक्टरांनी स्वतःचे फोन घेतले, त्यांना तशीही गरज उरली नव्हती. स्टूल तसंच आहे.

आता मुख्य गोष्ट. दसऱ्यापासून रोज सकाळी अकराच्या सुमाराला बूथचा फोन वाजतो. पहिल्या दिवशी उचलला तर स्वप्नाली. दोन वर्षांनी तिचा आवाज ऐकला. काही बदल नाही. म्हणाली, ‘अप्पा, मी आज बूथवर यायला उशीर करणार हाय. पुण्याचा रिपोर्ट आला का? सांगा, मी इथंच लिहून घेते.’

म्हणालो, आला.

‘मग सांगा की. पेशंटचं नाव?’

खोटं नाव सांगावं असं तोंडाशी आलं होतं. नाही सांगितलं. म्हणालो, ‘स्वप्नाली केदारनाथ शेटे.’

ती हसली. ‘अगंबाई, माझ्याच नावाची हाय की. वय?’

‘वीस.’

‘वय पण माझंच. बरं, पुढं.’

मी सांगितलं. तो कागद मला तोंडपाठ आहे. नमुना, तारीख, निकाल निगेटिव्ह. तिनं लिहून घेतलं. पेन कागदावर फिरतोय ते मला ऐकू येत होतं. मग तिनं विचारलं, तसं ती पहिल्यापासून विचारायची, ‘एवढंच?’

मी म्हणालो, ‘न्हाई बेटा. खाली एक ओळ हाय.’

आणि ती ओळ सांगितली, सावकाश, एकेक शब्द. यावरून रोग नाही असं धरू नये. विषाणूत फरक असू शकतो. औषध चालू ठेवावं. दुसरा नमुना पाठवावा. तिनं परत वाचून दाखवली, अक्षर न चुकता. म्हणाली, ‘हे मेन हाय अप्पा. हे डॉक्टरला आधी सांगा.’ आणि ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी परत अकरा वाजता. ‘अप्पा, पुण्याचा रिपोर्ट आला का?’ तिसऱ्या दिवशी परत. आज पासष्ट दिवस झाले. रोज तिच्याच नावाच्या पोरीचं तिला नवल वाटतं. रोज मी ती ओळ सांगतो. रोज ती म्हणते, डॉक्टरला आधी सांगा. मी ‘सांगतो’ म्हणतो.

पहिले दोन-चार दिवस मला वाटलं, पोरीला बूथचा नंबर आठवतोय, तीच लावत असणार. मग लक्षात आलं. गेल्या मेमध्ये आपलं एक्स्चेंज बदललं. नंबराच्या पुढं एक आकडा वाढला. तिच्या डोक्यात जो नंबर आहे त्यावर आता रिंग जातच नाही. पुण्याचा कोडसुद्धा तिला जुना ०२१२ च पाठ असणार, तोही गेला. तिला नवीन काही राहत नाही.

म्हणजे हा नंबर दुसरं कुणीतरी लावतं. नवा आकडा पुढं घालून लावतं आणि रिसीव्हर तिच्या हातात देतं. नीला त्या वेळेला स्वयंपाकात असते, मागं कुकरची शिट्टी येते. आणि फोनच्या जवळ कुणीतरी उभं असतं, डाव्या नाकपुडीतून श्वास ओढत.

तू मला ऐकवतोस की शिक्षा देतोस, मी विचारणार नाही. पोरीचं लिहून झालं की रिसीव्हर तू घेतोस आणि ठेवतोस, लगेच. आज ठेवला नाहीस. ती उठून गेली, तिच्या बांगड्या दूर गेल्या, आणि लाइन चालू होती. किती वेळ ते मीटरवर दिसत नाही, कॉल तुझ्या बाजूचा.

मीही ठेवला नाही. उद्या अकराला मी बूथवरच आहे.

अप्पा